थोरलीचा हात

"काढ ती काचेची नळी! पोरीच्या काखेत काय सारखी खुपसतेस?" थोरली कडाडली, तशी धाकट्या जावेने थर्मामीटर काढून उजेडात धरला.

"ताई, एकशे तीन आहे... आज तिसरा दिवस. डॉक्टरांकडे नेऊ या ना!"

थोरलीने इस्त्री उभी केली, गिऱ्हाइकाच्या शर्टाची कडकडीत गरम घडी दाबून बसवणारा हात उचलला आणि पलंगावरच्या सहा वर्षांच्या पोरीच्या कपाळावर ठेवला. "गार आहे अंग. अख्खी गल्ली ताप बघायला माझ्याकडे येते, आणि काल आलेली तू मला शिकवणार?"

काल कसली, धाकटीला या घरात येऊन वर्ष झालं होतं! पोरीची जन्मदाती गेली तेव्हापासून थोरलीनेच तिला कुशीत घेऊन वाढवलं होतं. तरी ती कायम काकूच राहिली. आणि परवा दिराची ही दुसरी बायको दुकानातल्या कामावरून परतली, तर पोर "आई!" म्हणून तिला बिलगली... त्या एका शब्दाने थोरलीच्या काळजात कुसळ रुतून बसलं होतं. हेवा वाईट असतो हे तिला कळत होतं, पण कळतं पण वळत नाही म्हणतात ते काय उगाच?

धाकटीने थोरलीचा मान राखला. उशीखाली एक चिठ्ठी सरकवून, डोळे पुसत ती कामावर गेली.

'आता पोर माझी एकटीची!' थोरली सुखावली. पण दुपारी चमच्याने पाजलेलं पाणी पोरीच्या ओठांवरून ओघळलं. हाका मारल्या, तर ती भलतंच काही पुटपुटली. उठवून बसवायला गेली, तर मान आखडलेली; पोर कळवळली. थोरलीने घाबरून तिच्या कपाळावर ओठ टेकले... आणि चटका बसला!

तिने स्वतःचाच तळवा गालाला लावून पाहिला, तर तोही कढत! दिवसभर गरम कापड दाबणाऱ्या त्या हाताला ताप कुठला कळायला!

"तुझी नळी खरं बोलत होती गं! दवाखान्यात ये!" फोनवर एवढंच ओरडून तिने उशीखालची चिठ्ठी मुठीत घेतली आणि पोरीला उचलून ती धावत सुटली.

डॉक्टरांनी विचारलं, "ताप कधीपासून, किती?" थोरलीने मुठीतली चिठ्ठी पुढे केली. तीन दिवसांचा ताप वेळेनिशी लिहिलेला होता.

"मूल पाणी पीत नाही, धड जागं होत नाही, मान आखडते, मग ताप कितीही असो, घटकाभर थांबायचं नाही. मेंदूच्या आवरणाला सूज दिसतेय. संध्याकाळ केली असतीत तर..." डॉक्टर सलाईन लावत म्हणाले. तेवढ्यात धाकटी धापा टाकत पोचली. "आत एकीलाच थांबता येईल. आई कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

'मी! मी!' थोरलीचं काळीज आक्रंदत होतं. तिने धाकटीला पुढे ढकललं. "ही. हीच तिची आई."

चार दिवस थोरली बाहेरच्या बाकावर बसून होती. पाचव्या दिवशी सकाळी धाकटीने येऊन तिचा हात धरला आणि नळाच्या गार पाण्याखाली कितीतरी वेळ धरून ठेवला. मग पदराने पुसून, तिला आत नेऊन पोरीच्या कपाळावर ठेवला.

"आता सांगा, ताई."

"उतरलाय गं... उतरलाय!" थोरलीला हुंदका आवरेना.

पोरीने डोळे उघडले. "काकू, तुझा हात आज किती गार आहे!"

"तरी नळी लावून बघू," डोळे पुसत थोरली म्हणाली, आणि थर्मामीटर तिनेच पोरीच्या काखेत धरला.