पोटातला गंज

पियूष साताऱ्याचा. नागपुरात संशोधनाच्या नोकरीला लागून त्याला पुरतं वर्षही झालं नव्हतं, आणि सदर भागातल्या एका सभागृहात तो बायकांपुढे एंडोमेट्रिओसिसवर बोलत होता. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं, दर महिन्याला जीव नकोसा करतं... इथवर सगळ्या गप्प ऐकत होत्या. मग तो म्हणाला, "अशा वेळी शरीरात जणू गंज चढतो. आवळा, पालक, डाळिंबातले अँटीऑक्सिडंट त्याला थोडाफार आवर घालतात."

"पोटात गंज चढते?" सिंधूताई शेजारी बसलेल्या आपल्या लेकीला, रितिकाला, मोठ्यानं म्हणाल्या. "भाताचा का दुधाचा वं?"

सभागृहात हशा पिकला. रितिकानं ओढणीत तोंड लपवलं, पण नजर काही ओढणीत राहिना. मंचावरचा तो उंच मुलगा लाल कानांनी, काहीच न कळून, हसणाऱ्या बायकांकडे बघत होता. तिला त्याची दया आली, आणि दयेनंच घात केला.

भाषण संपल्यावर ती त्याच्याजवळ गेली. ती कोराडीच्या शाळेत मराठी शिकवायची. चुकीच्या जागी पडलेला शब्द तिला बघवत नसे.

"सर, इकडे गंज म्हणजे पातेलं. तुम्ही जंग म्हणा."

"म्हणजे इतका वेळ मी बायकांच्या पोटात पातेली..."

"चढवून राहिले होते."

तो हसला. "पुढचं भाषण कामठीला आहे. आधी तपासून द्याल? आणि... आईंना त्रास आहे ना? म्हणून आलात?"

रितिका "हो" म्हणून गेली. खरं तर दुखणं तिचंच. पण त्यापायी एक सोयरीक मोडली होती, आणि तेव्हापासून सिंधूताईंचा हुकूम होता, "पोटाचं कुठं बोलाचं नाही. लगन झाल्यावर सांगू."

मग भाषण तपासण्याच्या निमित्तानं भेटी सुरू झाल्या. दोन ओळी तपासायच्या, चहा घ्यायचा, आणि उरलेलं पान पुढच्या भेटीसाठी राखून ठेवायचं. पियूष दर वेळी काळजीनं विचारी, "आईंचं पोट कसं आहे?" ती सांगे, "बरं आहे." कधी वेदनेनं कंबर मोडलेली असे, तरी ती जाई; कामठीच्या भाषणालाही ती तशीच गेली. त्याच्याजवळ बसलं की बरं वाटे, आणि खोटं बोललं की रडू येई. माणूस जिवापाड आवडला होता आणि नेमकी त्याचीच फसवणूक चालली होती.

अशात कन्हानचं एक स्थळ रविवारी बघायला येणार असं ठरलं. शनिवारी दारात पियूष उभा, हातात डाळिंबं.

"आईंसाठी आणली," तो सिंधूताईंना वाकून नमस्कार करत म्हणाला. "पोट कसं आहे आता?"

"माह्या पोटाले काय झालं?" सिंधूताई चक्रावल्या. "पोट तर हिचं दुखते."

आणि त्यांनी जीभ चावली.

रितिकाला वाटलं, हा आता डाळिंबं ठेवून निघून जाईल. मग जे व्हायचं ते होऊ दे म्हणून तीच बोलली.

"खोटं बोलली मी. महिन्यातले काही दिवस मी माणसात नसते. मूल होईल का, कोणी सांगत नाही. आवळ्या-डाळिंबानं हे जात नाही, तुम्हाले ठाऊकच आहे. आता... बोला."

"कामठीला तुम्ही पांढऱ्याफटक पडला होतात," तो म्हणाला, "आणि मी तुम्हाला स्वल्पविराम विचारत होतो."

"ते जाऊ द्या. बोला ना."

"मला तुम्ही आवडता... पहिल्या दिवसापासून. त्या दिवसांत स्वयंपाक मी करीन. फक्त पिठलंच येतं, हे आधीच सांगतो."

"पिठलं चालते मले."

"चालते म्हणजे...?"

"म्हणजे हो."

सिंधूताईंनी पदरानं डोळे पुसले आणि कन्हानला फोन लावला. आजवर 'पोटाचं' यापलीकडे त्या आजाराचं नाव न घेतलेली ती बाई साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उद्या नका येऊ जी. आमच्या पोरीले एंडोमेट्रिओसिस आहे. अन् आमच्याकडं जावई बी आहे."