बटण का थरथरायचा

यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. मला तेवढं येतही नाही. झालं ते भर दुपारी झालं, आमच्या आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या कोपऱ्यात.

बायको जाऊन तीन महिने झाले होते.

ती घरी शिवणकाम करायची, रोज दुपारी दोनला बसायची. त्या कोपऱ्यात तिचं पायाचं मशीन होतं. बटण, म्हणजे आमचा कुत्रा, मशीनच्या लोखंडी पायाला पाठ लावून झोपायचा. मशीन चाललं की तोही हलायचा.

"बघा, लाडोबाला पाळण्यात घातलंय," ती म्हणायची.

ती गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी मशीन विकून टाकलं. समोर दिसलं की घास उतरत नव्हता.

माझा एक शर्ट तिच्या हातून अर्धा राहिला होता. एक बाही लावायची बाकी. तो पिशवीत घालून मी तिथेच खुंटीला अडकवला.

मशीन गेलं... आणि बटण थरथरायला लागला.

रोज दुपारी दोनला. त्याच कोपऱ्यात. टेकायला काही नसताना, टेकल्यासारखा पडून.

घरात माझ्याखेरीज जिवंत असं तेवढंच उरलं होतं. त्याला उचलून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"कुत्री थंडीने थरथरतात, भीतीने, दुखत असलं की, म्हातारपणानेही," त्या म्हणाल्या. "वरून तर काही झालेलं दिसत नाही. थरथरेल तेव्हा अंगावर हात ठेवून बघा, काका. कुठून सुरू होतं, कुठे थांबतं, ते मला सांगा."

"मेंदूचं काही असलं तर?"

"तर फार दिवस नाहीत." मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही जेवता का वेळेवर?"

"मीपण तुमचा पेशंट का?"

"वजनकाट्यावर दोघांनाही चढवते, थांबा."

दुसऱ्या दिवशी मी बटणशेजारी फरशीवर बसलो. तीस वर्षं मी छापखान्यात मशीनवर काढली. तळहात ठेवला की मशीन कसं चाललंय ते मला कळतं.

दोन वाजले.

त्याच्या पाठीवर हात ठेवला... थरथर सुरू झाली.

एकसारखी. सरळ. मग थांबली. कापड वळवायला लागतो तेवढाच वेळ...

पुन्हा सुरू.

बटणचे डोळे मिटलेले होते. श्वास संथ. तो गाढ झोपला होता.

मी दुसरा हात फरशीवर ठेवला. फरशी गार. स्थिर.

"कुणाचं चाललंय?" माझ्या तोंडून निघून गेलं. कुणाचे कपडे शिवतेस म्हणून तिला मी रोज हेच विचारायचो.

थरथर थांबली.

खोलीत कसलाच आवाज नव्हता...

मग तीन छोटे झटके.

शिवण संपली की ती शेवटी तीन टाके उलटे मारून पक्की करायची. तीनच. नेहमी.

बटण उठला. आळस दिला. पाणी प्यायला गेला.

त्यानंतर तो एकदाही थरथरला नाही. डॉक्टरीणबाईंना फोन करून कळवलं, बरा झाला. कशाने, त्यांनी विचारलं. माहीत नाही म्हणालो.

परवा मुलगी आली होती.

"बाबा, थंडी पडली. आईच्या हातचा तो शर्ट काढा की. एक बाही तर राहिलीय, मी लावून देते."

"राहू दे."

"असं काय करता?"

"राहू दे म्हटलं ना."

पिशवी अजून खुंटीला आहे. बटण तिच्याखाली झोपतो, गप्प.

बाही लागलेली असली तर काय करायचं, मला कळत नाही.

आणि नसली, तरीही.