मरियेच्या पायाशी ठेवलेला पासपोर्ट

या चोरीत तुमचा हात आहे, व्हिसावाल्या साहेबांनो. पासपोर्ट तुम्ही उचलला नाहीत, मान्य. अमिरातीतल्या फुजैराच्या त्या बिल्डिंगची पायरीसुद्धा तुम्ही चढला नाहीत. तुम्ही एसीत बसून टोकनचे नंबर पुकारत होता. तरी तुमचा हात आहे. नाकारायचं असेल तर आधी सगळं ऐका, मग नाकारा.

मैथिली सबनीस ऑफिसला निघाली होती. पर्स खांद्याला, गाडीची चावी हातात. तेवढ्यात कुणीतरी दाराची बेल दाबून धरली, ती सोडेचना.

समोरच्या फ्लॅटमधला शेल्डन. शर्टाची बटणं वर-खाली लागलेली.

"मैथिलीताई, इसाबेलचा पासपोर्ट गेला."

"गेला म्हणजे?"

"चोरीला गेला! काल संध्याकाळी घरात होता, आज नाही. आणि आज लास्ट डे आहे, ताई."

शेल्डन तुस्कानो वसईचा. बंदरावरच्या तेलाच्या टर्मिनलमध्ये शिफ्ट प्लॅनर. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायकोला इथे आणायची म्हणजे आधी एंट्री परमिट. ती आली की मेडिकल: रक्त आणि छातीचा एक्स-रे. मेडिकल पास, तर राहायचा व्हिसा. परमिटची मुदत आज संपत होती आणि मेडिकल सेंटर दुपारी बंद होणार होतं. पासपोर्टशिवाय तिथे कुणी उभं करत नाही. आज मेडिकल नाही, तर इसाबेल परत वसईला आणि सगळं पहिल्यापासून.

"पोलिसांत गेलास?"

"निघालोच होतो. इसाबेल अडवते. म्हणते, कम्प्लेंट केली की पासपोर्टच कॅन्सल होतो. थांब, सापडेल."

"मेडिकल शेवटच्या दिवसापर्यंत का ठेवलंत पण?"

"दोनदा अपॉइंटमेंट घेतली होती. एकदा हिला ताप आला. दुसऱ्यांदा निघतानाच चक्कर."

मैथिलीने ऑफिसला मेसेज टाकला, लेट येते. जहाजात भरलेलं तेल कागदावर एक आणि टाकीत भलतंच निघालं, की भांडण सोडवायला तिला बोलावत. कप्तान, पंपवाला, एजंट, सगळे शपथेवर खोटं बोलत. ती कुणाच्या शपथेकडे बघत नसे. ती विचारायची एकच: हात कुणाकुणाचा लागला?

शेल्डनच्या हॉलमध्ये भांडण रंगात आलं होतं. त्याची मोठी बहीण नादिया सोफ्यावर पाय घट्ट रोवून बसली होती. हॉटेलात रिसेप्शनवर कामाला, भावाच्याच घरात राहायची, याच हॉलमध्ये झोपायची. पासपोर्टचा ड्रॉवरही याच हॉलमध्ये.

"मैथिली, माझी बॅग बघ, गादी उसव, काय वाट्टेल ते कर," नादिया म्हणाली. "याचा डाउट माझ्यावर आहे."

"तू म्हणाली नव्हतीस? वन बीएचकेत तिघं कशी मावणार?" शेल्डन ओरडला.

"म्हणाले. तोंडावर म्हणाले. तोंडावर बोलणारी माणसं पासपोर्ट चोरत नाहीत रे. गप्प बसणारी चोरतात."

"दीदी!"

"काय दीदी? हुशार बायको, हुशार बायको करून नाचत आणलीस. अकरावीनंतर अख्खं वर्ष देवळालीला मावशीकडे बसून होती, तेव्हा कुठे गेली होती हुशारी? घरातला पासपोर्ट सांभाळता येत नाही!"

इसाबेल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मेडिकलला जायचं म्हणून इस्त्रीचा ड्रेस, केस घट्ट बांधलेले. तिने नणंदेला उत्तर दिलं नाही. तशी ती बोलकी. गेल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये तिने मैथिलीला हसत विचारलं होतं, "ताई, लहानपणी मोडलेलं हाड आत्ताच्या एक्स-रेत दिसतं का हो?" मैथिली म्हणाली होती, "दिसतं की. माझ्या मनगटाचं अजून दिसतं." त्यावर ती हसायची थांबली होती.

"इसाबेल, कालचं सांग. पासपोर्ट शेवटचा कुणी बघितला?"

"सगळ्यांनीच. काल आमच्याकडे माळ होती ना."

ऑक्टोबर चालू होता. या महिन्यात इथली कॅथलिक मंडळी येशूच्या आईची, मरियेची, मूर्ती रोज संध्याकाळी एकेका घरी नेतात, माळेची प्रार्थना करतात, मग मूर्ती पुढच्या घरी. ज्याचं काही अडलं असेल तो आपले कागद आईच्या पायाशी ठेवतो. कुणी इंटरव्ह्यूचं लेटर, कुणी मुलाचं हॉलतिकीट. शेल्डनने बायकोचा पासपोर्ट ठेवला होता.

"पायाशी म्हणजे कसा? समोर?"

"खाली," शेल्डन म्हणाला. "अर्धा मूर्तीखाली सरकवला, अर्धा बाहेर. सगळ्यांच्या देखत."

"मग?"

"माळ झाली," इसाबेल म्हणाली. "मूर्ती वर पॅट्रिक अंकलकडे पोचवली. परत आले, टेबल आवरलं. पासपोर्ट टेबलावरच होता. ड्रॉवरमध्ये ठेवला. सकाळी नव्हता."

"टेबलावरच होता? नक्की?"

"हो."

"तू मूर्ती घेऊन वर गेलीस तेव्हा घरात कोण?"

"मी आणि दीदी," शेल्डन म्हणाला. "मी खुर्च्या परत द्यायला शेजारी गेलो. दीदी एकटीच होती."

नादियाने दोन्ही मनगटं पुढे केली. "वा. खलास. लटकवा मला."

"शेल्डन," मैथिलीने मध्येच विचारलं, "इसाबेलचं लहानपणी कधी हाड मोडलं होतं?"

"हाड? नाही. का?"

"सहज. मी वर जाऊन येते."

पॅट्रिक अंकल दारातच भेटले. रिटायर व्हायला आलेला माणूस, शिपिंग एजन्सीत अकाउंट्सला. माळ तेच चालवत. त्यांची बायको शोभना इस्पितळात ड्यूटीवर होती. हॉलच्या कोपऱ्यात निळ्या कपड्यावर मूर्ती उभी होती. प्लास्टरची, हातभर उंच.

"अंकल, काल मूर्ती इथे कुणी आणली?"

"इसाबेलने. आमच्यात तसंच आहे. जिच्या घरी मुक्काम, तिनेच उचलायची, तिनेच पुढच्या घरी नेऊन ठेवायची. मध्ये दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

"तुम्हीसुद्धा?"

"मी? शोभना मला घरातून काढेल! मी फक्त पुढे मेणबत्ती घेऊन चालतो."

"म्हणजे इसाबेलने ती उचलली तेव्हा तुम्ही तिथेच होता."

"समोरच."

"मूर्ती उचलल्यावर टेबलावर काय होतं?"

अंकलनी डोळे मिटले. "लेसचा कपडा. दोन मेणबत्त्या. फुलं."

"आणि पासपोर्ट?"

"नव्हता. मी म्हटलं, उचलून ठेवला असेल पोरीने, बरं केलं."

"माळ चालू असताना कुणी काढला असेल?"

"छे! मूर्ती जड, बैठक रुंद. हलवल्याशिवाय निघायचाच नाही. आणि प्रार्थनेत मूर्ती हलवली तर बायका त्याला खाऊन टाकतील."

"इथे आणल्यापासून हिला कुणी हलवलं?"

"कोण हलवणार? शोभना आज संध्याकाळी हलवेल, पुढच्या घरी नेताना."

मैथिली मूर्तीकडे बघत राहिली. टाकीत तेल कमी निघालं की लोक पाइप बघतात, पंप बघतात. ती आधी बघायची टाकीचा तळ, जिथे मापाची पट्टी पोचत नाही.

"अंकल, सगळ्यांना वर बोलवा. आत्ता. यल्ला, लवकर."

सगळे आले. शेल्डन घड्याळाकडे बघत, नादिया हाताची घडी घालून, इसाबेल सगळ्यांच्या मागे.

"नादियाने पासपोर्ट घेतला नाही," मैथिली म्हणाली. "ती एकटी होती तेव्हा टेबलावर पासपोर्ट नव्हताच. अंकलनी रिकामं टेबल स्वतः बघितलंय. म्हणजे माळ संपताना तो मूर्तीखाली होता आणि मूर्ती उचलल्याबरोबर नाहीसा झाला. मध्ये एकच हात लागला. इसाबेल, तू म्हणालीस तो टेबलावर होता. खोटं बोललीस."

"ताई, काहीही काय?" शेल्डन उसळला. "ती स्वतःचा पासपोर्ट कशाला चोरेल?"

"तू गप्प बस जरा. इसाबेल, ही मूर्ती इथे तू ठेवलीस. तूच उचल."

इसाबेल हलली नाही.

"नाहीतर शोभना संध्याकाळी उचलेल. तोवर सेंटर बंद झालेलं असेल. तुला तेच हवंय ना?"

मग इसाबेल पुढे आली. मूर्तीच्या पायांना तिने बोट लावलं, ते ओठांना लावलं आणि दोन्ही हातांनी मूर्ती उचलून आडवी केली.

प्लास्टरची मूर्ती आतून पोकळ होती. त्या पोकळीत, किंचित वाकवून, निळा पासपोर्ट घट्ट बसला होता.

"माय गॉड," नादिया पुटपुटली.

"जागा सुंदर निवडलीस," मैथिली म्हणाली. "महिनाभर ही घरोघर फिरणार. सगळे हिच्या पाया पडणार, उलटी करून कुणी बघणार नाही. काल रात्री माळ संपल्यावर एका हाताने मूर्ती छातीशी धरलीस, दुसरा हात बैठकीखाली घातलास, जड म्हणून. सगळ्यांना वाटलं भक्तिभाव. पासपोर्ट जाळायचा असता तर जाळला असतास. पोलिसांत जाऊ दिलं नाहीस, कारण तो कॅन्सल व्हायला नको होता. तुला तो परत हवा होता, पण मुदत संपल्यावर. तुला फक्त आजचा दिवस काढायचा होता. ताप, चक्कर, त्यातलंच. तू व्हिसाला घाबरत नाहीस. एक्स-रेला घाबरतेस. हाडासाठी नाही, कारण हाड कधी मोडलंच नाही. आणि देवळालीचं ते वर्ष..."

मैथिली थांबली. "पुढचं मी बोलणार नाही. ते तुझं आहे."

इसाबेलने मूर्ती जागेवर ठेवली. निळा कपडा सारखा केला. वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"टीबी," ती म्हणाली. "अकरावीत. गावात कळू नये म्हणून मम्मीने देवळालीला धाडलं. सगळ्या गोळ्या घेतल्या. बरी झाले. कुणाला काही होणार नाही माझ्यापासून. पण फुप्फुसावर डाग राहतो. तो जात नाही."

शेल्डन भिंतीला टेकला.

"मी विचारलं नाही असं नाही," इसाबेल म्हणाली. "हेल्पलाइनला फोन केला, नाव न सांगता. जुना डाग असेल, माणूस बरा असेल, तर व्हिसा मिळतो का? म्हणाले, मॅडम, सेंटरला विचारा. सेंटरमध्ये म्हणाले, डॉक्टर ठरवतात. म्हटलं, मग डॉक्टरना विचारते. तर म्हणे, आधी एक्स-रे. म्हटलं, आणि एक्स-रेनंतर नाही म्हणालात तर? काउंटरवरचा माणूस हसला. इन्शाल्ला, सब ठीक होगा. व्हिसाचे फॉर्म भरून देणारा टायपिंग सेंटरवाला म्हणाला, कुणी राहिले, कुणी पाठवले. हो किंवा नाही, एवढं एक कुणाच्या तोंडातून निघेना."

"म्हणून पासपोर्ट लपवलास?" नादियाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"दीदी, परमिट संपलं म्हणून परत गेले असते तर लोक म्हणाले असते, बिचारी कागदात अडकली. पुन्हा अर्ज करता आला असता, तोवर कुठूनतरी पक्कं उत्तर काढलं असतं. रोगी म्हणून पाठवली असती तर? तुम्हीच काय म्हणाला असता? तुम्ही तर माझ्या एका वर्षाच्या गॅपचा हिशेब घेता."

नादियाने हाताची घडी सोडली.

"अंकल," इसाबेल म्हणाली, "मरियेची माफी मी मागितली आहे. तुमची मागते."

पॅट्रिक अंकलनी नुसता हात वर केला. राहू दे, असा.

"सेंटर अजून उघडं आहे," मैथिलीने चावी काढली. "मी सोडते. जुनी फाइल आहे डॉक्टरची? मम्मीला फोन कर, फोटो मागव. जे आहे ते सांगून आत जायचं. पाठवलंच, तर भांडू. पण लपून नाही."

"येते, ताई. मीच सांगणार आहे त्यांना." इसाबेलने पासपोर्ट उचलून सरळ केला.

"इसाबेल." शेल्डन अजून भिंतीलाच टेकून होता. "मला का नाही सांगितलंस? मला, तुझ्या नवऱ्याला? लग्नाच्या आधी सांगितलं असतंस तर..."

"तर?"

त्याने घड्याळ बघितलं.

"तर काय, शेल्डन? वाक्य पुरं कर."

"तसं नाही गं, म्हणजे घरी... मम्मी-डॅडींना..."

"मम्मी-डॅडींना मी विचारत नाहीये. अख्खा महिना अनोळखी माणसांना विचारत फिरले, त्यांनी टोलवलं. त्यांचं माझं काही नातं नाही, मी सोडून दिलं. तू टोलवू नकोस." ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. "तुला आधी कळलं असतं, तर लग्न केलं असतंस की नाही?"

शेल्डनने मैथिलीकडे बघितलं.

"ताईंकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ. हो की नाही?"