पाइप सरकला कसा?

"अरे, काकांच्या डोक्यातून पाइप उगवलाय!"

बोका पोट धरून हसत सुटला. प्रिंटरमधून नुकताच बाहेर आलेला फोटो त्याच्या हातात होता. फोटोत काका बाकावर ऐटीत बसले होते आणि मागच्या भिंतीवरचा पांढरा पाइप बरोबर त्यांच्या टकलातून वर निघाला होता!

"आण इकडे!" काकांनी फोटो ओढून घेतला. "हा फोटो वहीत लावलात तर बघा!"

"लावायचाच," काकू म्हणाली. "चुकीचा फोटो जपून ठेवला, तरच पुढचा बरा येतो."

काकू एका स्टुडिओत लग्नाचे अल्बम तयार करायची, त्यामुळे फोटोंच्या बाबतीत तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. पुढच्या महिन्यात काकांची बदली होणार होती. काका, काकू आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी शंका, तिघंही खूप लांबच्या गावी राहायला जाणार होते. म्हणून काकांचं आणि बोक्याचं अशी दोन्ही कुटुंबं आठ दिवसांसाठी या डोंगरावरच्या विश्रामगृहात आली होती आणि मुलांनी फोटोंची एक जाडजूड वही करायची ठरवली होती.

मुलं तीन. तेरा वर्षांची मोठी, तिचा धाकटा भाऊ बोका आणि त्यांची चुलत बहीण शंका. शंकेचं खरं नाव दुसरंच होतं; पण ती दर दोन मिनिटांनी "मला एक शंका आहे" म्हणायची!

"नीट ऐका," काकू म्हणाली. "एक, जवळ जा. माणूस मुंगीएवढा दिसला तर काय उपयोग? दोन, समोरच्याच्या डोळ्यांत ऊन नको. तीन, बटण दाबायच्या आधी मागे काय आहे ते बघा. आणि एक फोटो रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून काढा. आठ दिवसांत माणसं कशी खुलत जातात ते बघायला मजा येते."

जागाही तिनेच ठरवली. मागच्या अंगणात एक उंच दगडी भिंत होती. भिंतीच्या वर दुसरं अंगण होतं, आणि भिंतीच्या पायथ्याशी जमिनीत पक्का रोवलेला लोखंडी बाक. रोज सकाळी मंडळी तिथे चहाला बसत. पहिला फोटो व्हरांड्याच्या कठड्यावरून काढला होता; तिथेच खडूने चौकोन आखून मोठीने कॅमेरा ठेवायची जागा पक्की केली. तिथून बाक आणि भिंत जरा तिरकी दिसायची.

चौथ्या दिवशी काकूचं डोकं भयंकर दुखू लागलं. तिला अधूनमधून असा त्रास व्हायचा. पडदे लावून ती खोलीत पडून राहिली आणि बाबांनी सगळ्यांना तंबी दिली, "कुणीही तिला उठवायचं नाही!"

त्याच दुपारी शंका चारही फोटो जमिनीवर मांडून बसली होती.

"मला एक शंका आहे."

"झालं सुरू!" बोका म्हणाला.

"पहिल्या दिवशी पाइप माझ्या बाबांच्या डोक्याच्या मधोमध होता. आज तो कानाजवळ कसा?"

"काका सरकले असतील."

"मग बाकही सरकला का? हे बघ. आधी पाइप बाकाच्या तिसऱ्या पट्टीमागे होता, आता चौथीमागे आहे."

बोक्याचं हसू मावळलं. तिघं धावत अंगणात गेली. बाक हलवून पाहिला, तो तसूभरही हलला नाही. कॅमेऱ्याचा चौकोन जिथल्या तिथे होता. मग राहिलं काय?

"भिंत!" मोठी पुटपुटली. "भिंत पुढे आलीय."

भिंतीला नवा कोरा रंग होता, पण कोपऱ्यात एक बारीक भेग दिसत होती. मोठीने वहीचा डिंक आणि कागदाची पट्टी आणली आणि भेगेवर आडवी चिकटवली. मग तिघं पायऱ्यांनी वरच्या अंगणात गेली. तिथे भिंतीच्या अगदी कडेला लाल मातीचा ढीग होता, घराएवढा! शेजारी पाण्याची नवी टाकी होती. ती भरून वाहत होती आणि सगळं पाणी मातीत मुरत होतं.

संध्याकाळी पाहिलं, तर कागदाची पट्टी मधोमध फाटली होती.

"बाबा!" मोठी धापा टाकत म्हणाली. "मागची भिंत सरकतेय! फोटोत दिसतंय!"

बाबा पेपर वाचत होते. "फोटोत काय, सगळंच वाकडं दिसतं."

"पण कागद फाटला!"

"वाऱ्याने फाटला असेल. जा, खेळा."

शंकेला काहीतरी विचारायचं होतं, पण बाबांचा चेहरा पाहून ती मोठीच्या मागे दडली.

मुलं विश्रामगृहाच्या मालकांकडे गेली. ते खो खो हसले. "बाळांनो, ती भिंत माझ्या आजोबांनी बांधलीय! तुमच्या फोटोंनी पडायची नाही! आत्ताच तर रंग काढलाय. खालची पाणी झिरपणारी घाणेरडी भोकंसुद्धा सिमेंटने बुजवून टाकली. वर झक्कास बाग करणार आहे!"

दुसऱ्या दिवशी मोठीने बाबांना पुन्हा सांगितलं. बाबा वैतागले. "सुट्टीत तरी डोक्याला ताप देऊ नका गं!" आई म्हणाली, "मालकांना नाही का कळत, घर त्यांचं आहे." काकूच्या दाराशी मोठी दोनदा जाऊन उभी राहिली आणि दोन्ही वेळा आईने तिला हाताला धरून परत आणलं.

आणि रोज सकाळी आई, बाबा, काका त्याच बाकावर बसून चहा पीत! मोठी कठड्यापाशी उभी राहून पाहायची. एवढी मोठी माणसं, आणि एकालाही ऐकू येऊ नये? सातव्या दिवशीचा फोटो पाहिला, तर पाइप काकांना सोडून पार बाजूला गेला होता.

"आता काय करायचं?" बोक्याने विचारलं.

"मला नाही माहीत," मोठी म्हणाली आणि तोंड फिरवून रडली.

आठव्या दिवशी दुपारी निघायचं होतं. बाबांनी फोटोंची वहीसुद्धा बॅगेत भरून टाकली. दहा वाजता शेवटचा मोठा फोटो! काकूला बरं वाटत होतं, तीही बाहेर आली. मालक नवा शर्ट घालून भिंतीला टेकून उभे राहिले. "माझी भिंत नीट येऊ दे हं!"

मोठीने कॅमेऱ्यातून पाहिलं. भिंतीच्या वरच्या काठावरून मातीची बारीक धार सुटली होती, पीठ चाळल्यासारखी. मोठीला ओरडायचं होतं. ओरडून तरी कोण ऐकणार होतं? आणि एकदम तिला सुचलं. मुलांचं कुणी ऐकत नाही, पण फोटो काढणाऱ्याचं सगळे ऐकतात!

"आई, तुझ्या डोळ्यांत ऊन येतंय! त्या झाडाखाली ये! बाबा, तुम्ही आईशेजारी! काकू, तूसुद्धा!"

तिघंही निमूटपणे झाडाखाली गेली. काका मात्र हलेनात. "रोजची जागा सोडून शेवटच्या दिवशी झाडाखाली? छे!"

मोठीने बोक्याकडे पाहिलं. बोका मागून गेला, त्याने काकांच्या नाकावरचा चष्मा उचलला आणि धूम ठोकली!

"बोक्या! माझा चष्मा! थांब, कान उपटतो!"

काका त्याच्यामागे धावले. राहिले मालक. शंका गोड हसून म्हणाली, "मालककाका, ताईलाही फोटोत यायचंय. तुम्ही बटण दाबाल?"

"हो हो, दाबतो की!" मालक व्हरांड्यात गेले. फोटो निघाला. भिंत जागच्या जागी होती.

झालं! बोक्याला सगळ्यांसमोर बोलणी बसली. मोठी मध्ये पडली, तर बाबा तिच्यावरच कडाडले, "पुन्हा भिंतीचं नाव काढायचं नाही!" आणि काका चष्मा पुसत पुसत परत त्याच बाकावर जाऊन बसले!

होते ते सगळे उपाय करून झाले होते.

इतक्यात शंका धावत आली. बॅग उचकटून तिने वही काढली होती. एकही शब्द न बोलता तिने ती झाडाखाली बसलेल्या काकूच्या मांडीवर उघडली आणि बोटाने दाखवलं. पाइप. पाइप. पाइप.

काकूने एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं. मग वहीत ठेवलेली मोजपट्टी घेऊन तिने बाकापासून पाइपाचं अंतर मोजलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"कॅमेरा रोज त्याच जागी होता?"

"खडूच्या चौकोनात," मोठी कशीबशी म्हणाली.

काकू उठली. "अहो, उठा त्या बाकावरून. आत्ताच्या आत्ता!"

"अगं, चहा तरी..."

"उठा म्हणते ना!"

काकूचा असा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. काका उठले. काकूने अंगणाचं दार लावून घेतलं आणि मालकांना नगरपालिकेत फोन करायला लावला. मालक कुरकुरत होते. सगळे पुढच्या खोलीत बसले होते. तासाभराने जमीन हादरली. ढग फुटल्यासारखा आवाज झाला आणि व्हरांडा धुळीने भरून गेला.

धूळ बसली, तेव्हा अंगणात बाक नव्हताच. नुसते दगड आणि लाल चिखल.

नगरपालिकेच्या अभियंता बाई आल्या. त्यांनी चिखलात काठी खुपसून पाहिली आणि मालकांना विचारलं, "पाणी आत साठून भिंतीवर रेटा आलाय. पाणी निघायची भोकं कुणी बुजवली?"

"मीच," मालक खाली मान घालून म्हणाले. "वाईट दिसत होती. या मुलांनी सांगितलं होतं मला. मी हसलो."

बाईंनी वही चाळली. सातही फोटो पाहिले. बोक्याने फाटलेल्या कागदाचंही सांगितलं. "भेगेवर कागद कुणी लावला?"

"हिने," बोका म्हणाला. "आणि पाइप शंकेने पाहिला. मी फक्त चष्मा पळवला."

"आमच्या कचेरीतही एवढं नीट काम होत नाही," बाई म्हणाल्या. "शाब्बास! तिघांनाही शाब्बास!"

काकांनी बोक्याला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. मालकांनी मोठीपुढे हात जोडले. सगळे कौतुक करत होते, पण मोठीला हसू येईना. ती पायरीवर बसून राहिली. बाबा येऊन शेजारी बसले.

"तू तीनदा सांगितलंस," ते म्हणाले. "तिन्ही वेळा मी ऐकलं नाही. चुकलो मी, बाळा."

"बाबा, काकूने वही बघितली नसती तर?"

बाबा म्हणाले, "पुढच्या वेळी पहिल्या हाकेला उठेन."

मोठीने डोळे पुसले. "खरंच?"

"खरंच."

"मग शंकेलाही तसं सांगा," ती म्हणाली. "ती तर तुम्हाला विचारायलासुद्धा घाबरत होती."

बाबा उठले आणि शंकेला शोधायला आत गेले.