चव्वेचाळिसावं उत्तर

संग्रहालयात सगळे त्यांना माशीमास्तर म्हणत. तिळाएवढ्या माश्यांची एकच प्रजाती. तिच्यातल्या जाती वेगळ्या काढण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती.

माशी भिंगाखाली ठेवली की डोळा हलवायचा नाही, हा त्यांचा नियम. म्हणून घरी काम असलं की बायको समोरच्या खुर्चीत बसून माशीची जात ओळखायच्या यादीतले प्रश्न वाचायची. पंखावरची आडवी शीर पूर्ण आहे का? मागच्या पायाला काटा आहे का? ते वहीकडे न बघताच पेन्सिलीने हो-नाही लिहायचे. ती किराण्याची यादी वाचावी तसं वाचायची. मध्येच म्हणायची, माशीच्या मिशा मोजता, माझ्या साडीचा रंग तरी सांगा. ते हसून पुढचा प्रश्न मागायचे.

त्या दुपारी ती म्हणाली, "अहो, जरा थांबू या का?"

"एवढी एक होऊ दे."

तिने पुढे वाचलं. मग आवाज थांबला. त्यांनी दोनदा "पुढे" म्हटलं आणि वैतागून मान वर केली. ती खुर्चीतच गेली होती. डॉक्टर म्हणाले, जाऊन तास तरी झाला असेल. ती तर आत्तापर्यंत वाचत होती, हे मास्तरांनी कुणालाच सांगितलं नाही.

तीन महिन्यांनी राहिलेली नोंद पुरी करायला लेक शेजारी बसली. वही बघताना ती थबकली.

"बाबा, यादीत एकेचाळीसच प्रश्न आहेत. तुम्ही चव्वेचाळीस उत्तरं लिहिलीत."

अक्षर त्यांचंच होतं. बेचाळीस, हो. त्रेचाळीस, हो. चव्वेचाळीस, नाही.

"आईने विचारलं काय होतं?"

त्यांना आठवेना. नीट ऐकलं असतं तर आठवलं असतं.

लेक चहा टाकायला आत गेली. त्यांनी तीच माशी पुन्हा भिंगाखाली घेतली, डोळा लावला. खोलीत ऊन होतं. आतून कपबशांचा आवाज येत होता.

"बेचाळीस," समोरून कुणीतरी वाचलं, किराण्याची यादी वाचावी तसं. "माझा आवाज येतोय का?"

त्यांच्या हातातली पेन्सिल हलली.

"त्रेचाळीस. काम अजून उरलंय का?"

पेन्सिल पुन्हा हलली.

"चव्वेचाळीस. मान वर करून बघता का?"

त्यांना बघायचं होतं. तीन महिने दुसरं काही मागितलं नव्हतं.

डोळा भिंगावरून सुटेना.

पेन्सिलीने सावकाश "नाही" लिहिलं.

मग समोरची खुर्ची हळूच मागे सरकली.