खोडाळ्याला गेलेली मेढ

ही रात्रीची गोष्ट नाही, हे आधीच सांगतो.

अमावस्या नाही, पिंपळ नाही, आडरानातली विहीर नाही. जे झालं ते भर दुपारी झालं आणि ज्या घरात झालं ते आमचंच घर. माझी पणजी प्रेमला हिनं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. ती उगाच बोलणारी बाई नव्हती. आयुष्यात एकदाच खोटं बोलली, तेही याच गोष्टीपायी.

पटत नसेल तर पान उलटा. माझं काही म्हणणं नाही.

साल एकोणीसशे अकरा. जव्हारला तेव्हा संस्थान होतं आणि मोखाडा-खोडाळ्याकडचा मुलूख इंग्रजांचा. फाल्गुन महिना, होळीला आठ दिवस उरलेले. शिरपामाळाच्या खालच्या अंगाला एक पाडा होता. तिथं सुकरीचं घर होतं.

सुकरीचं म्हणजे तिचं आणि तिच्या धाकट्या भावाचं, सोम्याचं. आईबाप लवकर गेले. सोम्याला तिनंच कडेवर घेऊन वाढवला. पुढं लग्न झालं, नवरा वारला, आणि तान्ही पोर घेऊन ती परत त्याच घरात आली. पोरीचं नाव पोशी.

पोशी सहा वर्षांची झाली आणि हिवतापानं चार दिवसांत गेली.

गेली म्हणजे... गेली नाही.

घराच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या, शेणानं सारवलेल्या. पोशीला भूक लागली की ती भिंतीवर काटकी ओढत यायची. खर्र... खर्र... आई भाकरी थापायला बसली की हमखास. पोर गेल्याला पंधरा दिवस झाले असतील. दुपारी सुकरी नागलीची भाकरी थापत होती. आणि भिंतीवरून...

खर्र...

सुकरी उठून बाहेर गेली. कोणी नव्हतं. भिंतीलगत कोंबडीसुद्धा नव्हती.

ती आत आली. बसली. पुन्हा...

खर्र... खर्र...

दुसरी एखादी असती तर बोंब मारत भगताकडे पळाली असती. सुकरीनं भाकरीचा कोपरा मोडला आणि मेढीपाशी ठेवला. मेढ म्हणजे घराच्या मधोमध छप्पर पेलणारा सागाचा खांब. त्या पाड्यावर लोक मानायचे की घरातलं मेलेलं माणूस मेढीच्या आसऱ्यानं राहतं. सुकरीला तेवढं पुरे होतं. चार वर्षं रोज दुपारी पोर यायची आणि आई तुकडा ठेवायची. सोम्या तो आवाज ऐकायचा आणि बाहेर जाऊन बसायचा.

आता या घराचं गिऱ्हाईक. श्रीकृष्णशेठ, खोडाळ्याचे व्यापारी. माझे पणजोबा, म्हणून त्यांना सांभाळून घेणार नाही. त्यांना बाजारात घर बांधायचं होतं. नव्या सागाला परवाने, परवान्यांना हेलपाटे. त्यापेक्षा कुठलं तरी जुनं घर घ्यायचं, उसकटायचं, म्हणजे खांब-वासे सुटे करायचे, गाड्यांवर लादायचं आणि आपल्या जागेवर उभं करायचं. ते सोम्याला म्हणाले, "आहे तसं दे. खिळा काढू नको, खिळा मारू नको. पैसे रोख."

सोम्याला रोख हवीच होती. त्याला बायको करायची होती आणि मुलीचा बाप देज, म्हणजे मुलीच्या बापाला द्यायचे पैसे, हातात पडल्याशिवाय पोरगी देत नव्हता.

अडचण एकच होती. बहीण.

पाड्याची रीत अशी की घर उसकटताना, त्यावर ज्याचा ज्याचा हक्क आहे त्यानं मेढीवर तळहात टेकायचा आणि तीनदा म्हणायचं, 'सोडलं.' ते ऐकून मेलेली माणसं मेढीबरोबर निघतात. मेढ जाईल तिकडे जातात. हे झाल्याशिवाय एकही गडी मेढ उपटायला हात लावायचा नाही, मग समोर शेठ असो नाहीतर राजा.

सोम्या बहिणीजवळ येऊन बसला.

"सुकरे, जव्हारात जागा गावली. पेठेच्या खालती. घर तिकडं नेऊ. हीच दारं, हीच मेढ."

"आन पोशी?"

"मेढीसंगं येल. मेढ तीच हाय ना."

सुकरीनं दुसरं काही विचारलं नाही. कशाला विचारेल? ज्याचं नाक पुसलं, ज्याला आपल्या ताटातला घास दिला, त्याला कोणी 'खरं सांग' म्हणतं का?

तिनं मेढीवर हात टेकला.

"सोडलं. सोडलं."

तिसऱ्यांदा म्हणाली, "सोडलं," आणि भिंतीवर खर्र... झालं. मध्येच तुटलं.

"ऐकला पोरीनं," सुकरी हसून म्हणाली. सोम्यानं मान खाली घातली.

दुसरी रीत विस्तवाची. जुन्या चुलीतला विस्तव मडक्यात घेऊन घरच्या बाईनं सगळ्यांच्या पुढं चालायचं. नव्या चुलीत तो पडेपर्यंत मागं वळून बघायचं नाही. बघितलं तर मागून येणारं वाटेतच थांबतं.

सुकरी डोक्यावर मडकं घेऊन निघाली. मागं चार गाड्या. चाकांचा आवाज, बैलांच्या घुंगरांचा आवाज. चढ लागला. घुंगरं जरा लांब गेली.

मग आणखी लांब...

मग काहीच ऐकू येईना.

तिला वाटलं, बैल दमले. येतील. तिनं मागं बघितलं नाही. पोर बरोबर होती ना.

जव्हारला सोम्यानं सांगितलेल्या जागेवर ती पोचली आणि मडकं पुढ्यात घेऊन बसली. ऊन चढलं. कलतं झालं. ती मधून मधून विस्तवावर फुंकर घालत होती. शेवटी शेजारच्या घरातून गोजाबाई नावाची म्हातारी बाहेर आली.

"कोणाची ग तू? सकाळपासून बघते."

"हितं आमचं घर यायचा हाय. गाड्या येतात मागनं."

गोजाबाई तिच्याकडे बघतच राहिली. "ही जागा आमच्या गुरांची आहे, बाई. ही आम्ही कोणाला दिली नाही."

सुकरीनं मडक्यात बघितलं. राख झाली होती.

ती पाड्यावर परतली तेव्हा घराच्या जागी खड्डे होते. मधला खड्डा सगळ्यांत खोल. सोम्या पलीकडे दगडावर बसला होता.

"खोडाळ्याला गेल्या गाड्या," तो म्हणाला. "शेठाला दिला घर."

"मला सांगितला का नाय?"

"सांगितला असता तर हात लावला असतास?"

बस. एवढंच बोलला तो. रागानं नाही, ओशाळून नाही. बाजारात भाव सांगावा तसा बोलला. सुकरी म्हणायची, घर गेलं त्याचं नाही, पण माझ्याच हातानं माझं पोर विकायला लावलं त्यानं, हे मी मेले तरी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या खड्ड्याशेजारी तीन दगड मांडले आणि भाकरी केली. वाट पाहिली.

काही नाही.

मग तिनं अंथरूण धरलं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, ती शेजारच्या रखमीच्या पडवीत पडून होती. माघात कुठं पायात बळ आलं. तशीच उठली आणि खोडाळ्याची वाट धरली.

इकडे खोडाळ्यात घर कधीच उभं राहिलं होतं. मेढ तीच, दारं तीच, भिंती मात्र पक्क्या विटांच्या, चुना दिलेल्या. आणि पहिल्याच आठवड्यात माझी पणजी दुपारी भाकरी थापत असताना...

खर्र...

विटेच्या भिंतीवर काटकी ओढली तर असा आवाज येत नाही. हवं तर ओढून बघा. हा आवाज कारवीचा होता. घरात कारवीची एक काडी नव्हती.

नऊ महिने पणजीनं हे रोज ऐकलं. शेठांना सांगितलं तर ते म्हणायचे, उंदीर असतील. पण दुपारचं जेवायला ते दुकानातच थांबायला लागले.

सुकरी दारात उभी राहिली. कोण, कुठली, सगळं सांगून झालं. पणजीनं तिचा हात धरून तिला आत घेतलं.

"तुझी पोर आहे होय ती? मी तिला रोज तुकडा ठेवते ग. का ठेवते तेही मला माहीत नव्हतं. भीती वाटायची म्हणून ठेवायचे."

सुकरी खाली बसली आणि हमसून हमसून रडली.

पोर परत न्यायची तर मालकानं सोडायला हवी. शेठांना दुकानातून बोलावलं. एरवी पै पैशासाठी तासभर घासाघीस करणारा माणूस, पण मेढीवर हात टेकून एका दमात म्हणाले, "सोडलं, सोडलं, सोडलं," आणि चप्पल घालून चालते झाले. पणजीनं आपल्या चुलीतला विस्तव मडक्यात घालून दिला. सुकरी निघाली. पुढं बघून, सरळ.

गाव संपलं. सागाचं रान लागलं. माघातलं रान, खाली वाळल्या पानांचा थर. सुकरीच्या पायाखाली पानं वाजत होती.

चर्र... चर्र...

आणि तिच्या मागं...

चर्र चर्र... चर्र चर्र...

लहान पावलं. दोन टाकून एक गाठणारी.

सुकरीचा जीव सुपाएवढा झाला. मागं बघायचं नव्हतं. बोलायला मात्र बंदी नव्हती, म्हणून ती बोलत सुटली. रखमीच्या शेळीला दोन करडं झाली. नागली बरी आली. आपण नवं खोपट बांधू, कारवीचं, तुला हवं तसं. पावलं मागं येत होती. कोसभर आली.

आणि मग सुकरीच्या तोंडून निघून गेलं.

"तुझ्या मामानं फसवला ग आपल्याला. मी नाय सोडली तुला. मी कधीच सोडली नाय."

पावलं थांबली.

सुकरीही थांबली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, आपण काय बोललो ते. पोरीनं तर ऐकलं होतं. आईचा हात मेढीवर, आईचंच तोंड, तीनदा 'सोडलं'.

"पोशे..."

मागं पानं वाजली. पावलं पळत होती. खोडाळ्याच्या दिशेनं.

सुकरीनं वळून बघितलं. वारा नव्हता, तरी वाटेवरची पानं एका रेषेत हलत लांब जात होती. मग पानंही थांबली.

सुकरी खोडाळ्याला परत आली ती कायमची. पणजीनं तिला मागल्या पडवीत जागा दिली. दळण, कांडण, गुरांचं शेण, सगळं ती करायची. अकरा वर्षं राहिली. आणि अकरा वर्षांत तिच्या कानावर तो आवाज एकदाही पडला नाही.

ती घरात असली की घर गप्प असायचं. ती बाहेर पडली की पाच मिनिटांत...

खर्र...

एकदा ती ओढ्याला जाते म्हणून निघाली आणि अनवाणी पायांनी परत येऊन दाराआड उभी राहिली. आतला आवाज तिथल्या तिथं बंद झाला. त्यानंतर तिनं पुन्हा तसं केलं नाही. भाकऱ्यांची वेळ झाली की आपण होऊन उठायची आणि ओढ्यावर जाऊन बसायची. आपल्यापायी पोर उपाशी राहू नये, म्हणायची. परत आली की पणजीला विचारायची, "आलती?"

पणजी आधी खरं सांगायची. पुढं तिला ते सांगवेना. एक दिवस तिनं सांगून टाकलं, "नाही ग. आता येत नाही ती. सुटली वाटतं."

सुकरीनं तिच्या हातांकडे बघितलं.

"पिठाच्या हातानं भायेर बसलाव, शेठाणी. भाकरी अर्धी टाकून आलाव. आलती ना?"

पणजीनं हात पदराला पुसले. सुकरी दळायला बसली.

एकोणीसशे तेवीसच्या चैत्रात सुकरी गेली. सकाळी गेली, झोपेतच. सोम्याला निरोप पाठवला होता. तो आला नाही. दुपारी गड्यांनी तिला उचललं. तिरडी अंगणातून बाहेर पडली आणि घरातून...

खर्र...

पणजी म्हणायची, रोजच्यासारखा नव्हता तो. रोज दोनदा-तीनदा येऊन थांबायचा. त्या दिवशी थांबेचना. या भिंतीवरून त्या भिंतीवर, दारापर्यंत, परत मेढीपाशी, परत दारापर्यंत. दिवेलागणीपर्यंत चालला होता. पणजी अंगणात बसून राहिली, तिची आत जायची छाती झाली नाही.

पोर आईला हाक मारत होती, की आई एकदाची गेली म्हणून अशी पळत होती, हे पणजीला शेवटपर्यंत कळलं नाही. भुकेनं आली असेल म्हणावं तर तसंही नव्हतं. घरात प्रेत होतं. त्या दिवशी चूलच पेटली नव्हती.

मेढ अजून आमच्या घरात आहे. मी सणावाराला खोडाळ्याला जातो, पण दुपारच्या आत निघतो.