उभी बाटली

विमलमावशीचा पाय मुरगळला म्हणून त्या शुक्रवारी तिच्याऐवजी पळसदरीच्या साहेबाचा बंगला झाडायला बायजा आली. आबाजींची ही लेक हाताची भारी चलाख. तळघराचं दार उघडं दिसलं आणि स्वारी शिरली आत! बाहेर वैशाख पेटलेला, इथं मात्र ओल्या गोणपाटांचा गारवा. कोपऱ्यात वाळूवर धुळीने माखलेली एक बाटली आडवी. बायजाला पसारा बघवतोय थोडाच? तिने पदराने बाटली लख्ख पुसली आणि फळीवर ताठ उभी केली.

"अगं ए! काय केलंस हे?"

दारात बादली घेऊन सहदेव उभा होता. साहेबाच्या तळघराचा राखणदार. दिवसातून चारदा गोणपाटं भिजवून त्याने ही बाटली जपली होती.

"पडली व्हती, उभी केली. लोणच्याची बरणी कुणी आडवी ठेवतं व्हय?"

"लोणचं नाय गं, बर्गंडी हाय! फ्रान्सची लाल वाइन, तुझ्यापेक्षा वयानं मोठी. आडवी असली की बूच ओलं राहतं, आत हवा शिरत नाय." त्याने हात पुढे केला... आणि मागे घेतला. "नको. आता हलवली तर तळचा गाळ ढवळून आणखी गढूळ व्हायची."

साहेब कायमचा विलायतेला चालला होता. रविवारी निरोपाचं जेवण. त्याचा माथेरानचा हॉटेलवाला मित्र येणार होता, आणि बाटली चांगली निघाली तर सहदेवला तिथल्या तळघराची नोकरी मिळणार होती. सहदेवने हे सांगितलं तसा बायजाने हातातला झाडू खाली ठेवला.

"माझ्यापायी तुमची नोकरी गेली तर?"

"तर... रोज तुझ्या दारात येऊन बसंन."

"बसा की! आमचा बा शेण काढायला लावील."

सहदेव हसला. त्या हसण्याने तिची झोपच उडाली. शनिवारी मावशीचा पाय बरा होता, तरी बायजाच आली. एकाच बादलीत दोघांनी गोणपाटं बुडवली, बोटाला बोट लागलं, आणि दोघंही उगीचच बाटलीकडे बघत राहिली.

रविवारी सकाळी साहेब तळघरात उतरला. "ये किसने खडी की?"

"मी!" बायजा म्हणाली.

"मी!" त्याच क्षणी सहदेव.

साहेब आळीपाळीने दोघांकडे बघत खो खो हसला. जुनी बाटली उघडण्याआधी दोन दिवस उभीच ठेवायची असते, म्हणजे गाळ तळाशी बसतो. हे सांगायलाच तो विसरला होता!

जेवणाच्या वेळी साहेबाने शिकवल्याप्रमाणे, गाळ दिसावा म्हणून सहदेवने बाटलीच्या गळ्यामागे मेणबत्ती धरून संथ धार ओतली. गाळ गळ्याशी आला तसा थांबला. प्याल्यात नितळ लाल रंग. हॉटेलवाल्याने घोट घेतला, डोळे मिटले... दाराआड बायजाने श्वास रोखला.

"सोमवार से आ जाओ," तो म्हणाला.

सहदेव रिकामा प्याला घेऊन धावतच दाराआड आला. "वास घेऊन बघ."

"पिकली करवंदं," ती पुटपुटली, "नि जांभळीखालचा ओला पाचोळा."

"माथेरानलाबी तळघर हाय, बायजा. मला एकट्याला न्हाय जमायचं..." त्याने प्याला बाजूला ठेवला. "तू लई आवडतेस गं. आबाजींना इचारायला दोन दिसांनी येऊ?"

"थांबायचं ते बाटलीनं," बायजा म्हणाली. "तुमी आजच या."